नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

तेरावं आटोपलं की कपाटातून पासबुकं, विम्याच्या पॉलिसी आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट बाहेर येतं. मग एकच विचारणा होते : नॉमिनी कोण? उत्तर मिळालं की अर्धं घर निर्धास्त होतं आणि उरलेलं अर्धं गप्प. दोघांचाही समज चुकीचा असतो.

गैरसमज : ज्याचं नॉमिनेशन, त्याची मालमत्ता.

नॉमिनीच्या हाती पैसे येतात, पण तेवढ्याने ते त्याचे होत नाहीत. बँकेने रक्कम कुणाकडे सोपवून मोकळं व्हायचं, एवढ्यापुरतीच ती सोय आहे; पुढे ती वारसांपर्यंत पोहोचवणं हे नॉमिनीचं काम. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे 1983 मध्येच सांगितलं होतं. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या पश्चात उभ्या राहिलेल्या वादात, डिसेंबर 2023 मध्ये, शेअर्सच्या नॉमिनीबाबतही न्यायालयाने तेच म्हटलं. विम्यात 2015 च्या दुरुस्तीने आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर त्यांना लाभार्थी ठरवलं. मात्र या दुरुस्तीच्या अर्थावरूनही कोर्टात वाद झालेच आहेत.

फ्लॅटचंही तसंच. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यातल्या कलम 154ब-13 नुसार सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेते. वारस ठरेपर्यंत मेंटेनन्सची बिलं त्याच्या नावाने येतील, पण घर विकण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. सातबाऱ्यावर चढलेलं नाव हाही मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. फेरफार महसूल वसुलीसाठी असतो. तलाठ्याकडे वारस नोंदीत बहिणींची नावं ‘राहिली’, म्हणून त्यांचा हिस्सा जात नाही.

गैरसमज : नवऱ्यामागे सगळं बायकोचंच.

हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर बायको, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा वाटा मिळतो. मुलीचं लग्न झालेलं असलं तरी फरक पडत नाही. वडील मात्र कायद्याने ठरवलेल्या या पहिल्या वर्गातल्या वारसांत नाहीत. घरात बायको, मुलगा, मुलगी आणि म्हातारी आई असेल, तर प्रत्येकाला चौथा हिस्सा. पुढे ती आईही मृत्युपत्राविना गेली, की तिच्या चौथ्या हिश्शात तिची बाकीची मुलंही येतात. म्हणजे जो फ्लॅट नवऱ्याच्या नावावर होता आणि ज्याचे हप्ते दोघांनी मिळून फेडले, त्यात दीर आणि नणंदही भागीदार होतात. कुणाचीही नियत वाईट नसताना हे घडतं, आणि फ्लॅट विकायला काढला की सह्यांसाठी धावाधाव सुरू होते.

गैरसमज : बाईने स्वतः कमावलेलं तिच्या माहेरी जाईल.

मूल नसलेल्या विधवेने मृत्युपत्र केलं नसेल, तर हिंदू वारसा कायद्याचं कलम 15 तिची कमाई आधी नवऱ्याच्या वारसांना देतं. तिचे आईवडील त्यानंतर. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेलं प्रकरण वाचून आजही अस्वस्थ व्हायला होतं. 1955 मध्ये लग्न झालेल्या एका मुलीचा नवरा तीन महिन्यांतच सर्पदंशाने गेला. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं. माहेरच्यांनी शिकवलं, ती नोकरीला लागली आणि मृत्युपत्र न करताच वारली. तिच्या बँकेतल्या ठेवी आणि प्रॉव्हिडंट फंड नणंदेच्या मुलांकडे गेला. सहानुभूतीवर वारसा ठरत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. कायद्याचं वाचन म्हणून निकाल बरोबर असेलही, पण कलम अन्यायाचंच आहे. आईवडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता तेवढी अशा वेळी वडिलांच्या वारसांकडे परतते.

कायद्याने लावलेला हा क्रम साध्या कागदावरच्या मृत्युपत्रानेही बदलता येतो. स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, वकीलही अनिवार्य नाही. सही दोन साक्षीदारांसमोर व्हावी आणि त्यांनीही सह्या कराव्यात. आतला मजकूर त्यांनी वाचायची गरज नाही. ज्याला काही द्यायचं आहे, त्यालाच साक्षीदार करू नये. पुढे संशयाला जागा राहते. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी केलेली बरी, पण नंतर केलेलं वैध मृत्युपत्र नोंदणीकृत नसलं तरी आधीच्या नोंदणीकृत मृत्युपत्राला मागे टाकतं. सरकारला वारसा कर द्यावा लागेल, ही भीती तर 1985 पासून निराधार आहे.

गैरसमज : प्रोबेटशिवाय मृत्युपत्र चालत नाही.

मृत्युपत्र खरं आहे, असं कोर्टाने दिलेलं प्रमाण म्हणजे प्रोबेट. हिंदूंसाठी ही सक्ती मुंबई, कोलकाता, चेन्नई अशा ठरावीक हद्दींपुरतीच होती. पुण्यात केलेल्या आणि पुण्यातल्याच घराबद्दलच्या मृत्युपत्राला ती कधीच नव्हती. 2025 च्या डिसेंबरमध्ये संसदेने भारतीय वारसा कायद्यातलं हे सक्तीचं कलम 213 वगळलं. आता प्रोबेट ऐच्छिक आहे. भावंडांत वाद असेल, तर ते घेऊन ठेवणं शहाणपणाचं.

हे सगळं प्रामुख्याने हिंदू कुटुंबांचं झालं. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीविना साधारण एक तृतीयांशाहून अधिक मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही. गोव्यात मुलाबाळांसारखे हक्काचे वारस असतील, तर आपल्या वाट्याच्या निम्म्याहून जास्त मालमत्ता मर्जीने देता येत नाही. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका गोवेकराच्या मुंबईतल्या मालमत्तेलाही गोव्याचाच कायदा लागू केला.