समावेशन अधिकारी

उद्योगसंस्था, विद्यापीठे, रुग्णालये, शासकीय कार्यालये इत्यादींमध्ये वंश, लिंग, धर्म, अपंगत्व यांसारख्या कारणांवरून कोणासही डावलले जाऊ नये, म्हणून भरती, बढती, वेतन व कामाची परिस्थिती यांवर देखरेख ठेवणारा वरिष्ठ अधिकारी. विविधता, समन्याय व समावेशन ही त्याच्या कार्याची तीन उद्दिष्टे होत. निरनिराळ्या समाजगटांतील व्यक्ती संस्थेत असणे, ही विविधता. ज्याची त्याची अडचण ध्यानी घेऊन संधी देणे, हा समन्याय. आणि संस्थेत आलेल्यास तेथील कामकाजात खरा वाटा मिळणे, हे समावेशन.

उगम : हा व्यवसाय मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उदयास आला. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने वंश, वर्ण, धर्म, लिंग व मूळ राष्ट्र यांवरून नोकरीत भेदभाव करण्यास मनाई केली. १९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी काढलेल्या ११२४६ क्रमांकाच्या आदेशाने शासकीय कंत्राटदारांवर समान संधीसाठी प्रत्यक्ष पावले उचलण्याचे बंधन घातले. त्याची पूर्तता करण्यासाठी मोठ्या कंपन्यांत स्वतंत्र अधिकारी नेमले जाऊ लागले.

कार्य : भेदभाव नेहमीच उघड स्वरूपाचा नसतो. ड्यूक पॉवर या वीजकंपनीने चांगल्या विभागांतील कामांसाठी माध्यमिक शालान्त प्रमाणपत्राची व काही चाचण्यांची अट घातली होती. ही अट सर्वांना सारखीच होती; तथापि तिचा कामातील कौशल्याशी संबंध सिद्ध झाला नाही आणि तिच्यामुळे कृष्णवर्णीय मोठ्या प्रमाणात वगळले जात. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अवैध ठरविली. अशा अटी शोधून काढणे, अर्जदार व निवडलेले यांचे प्रमाण तपासणे, समान कामाच्या वेतनाची तुलना करणे, अपंगांसाठी सोयी करविणे आणि तक्रारींची दखल घेणे, ही या अधिकाऱ्याची कामे होत. त्यासाठी कोणतीही एकच पदवी आवश्यक मानली जात नाही; कायदा, समाजशास्त्र, मानसशास्त्र वा कर्मचारी व्यवस्थापन यांचे शिक्षण व सांख्यिकीचे ज्ञान उपयोगी पडते.

अधिकार व मर्यादा : या पदाची उपयुक्तता त्यामागील अधिकारावर अवलंबून असते. कॅलेव्ह, डॉबिन व केली या समाजशास्त्रज्ञांनी ७०८ खाजगी आस्थापनांच्या १९७१–२००२ या काळातील माहितीचा अभ्यास करून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पूर्वग्रह घालविण्यासाठी दिलेल्या प्रशिक्षणाचा व्यवस्थापकवर्गाच्या रचनेवर फारसा परिणाम दिसला नाही. उलट, निश्चित जबाबदारी सोपविलेले अधिकारी वा समित्या असलेल्या ठिकाणी स्त्रिया व कृष्णवर्णीय यांचे प्रमाण अधिक वाढले. केवळ व्याख्याने आयोजित करणारा आणि नेमणुकांच्या निर्णयात स्थान नसलेला अधिकारी नामधारीच ठरतो.

मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांची पोलिसांकडून हत्या झाल्यानंतर अशी पदे झपाट्याने वाढली. पुढे गुणवत्तेऐवजी गट पाहिला जातो, या आक्षेपाने जोर धरला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठप्रवेशांतील वंशाधारित प्राधान्य अवैध ठरविले. जानेवारी २०२५ मध्ये ११२४६ क्रमांकाचा आदेशही रद्द झाला. १९६४ चा कायदा मात्र कायम आहे. आदेशावर आधारलेले बंधन एका स्वाक्षरीने जाते, तर कायद्यावर आधारलेले टिकते, हा फरक यातून स्पष्ट होतो.

भारत : २६ जुलै १९०२ रोजी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या आणि कार्यालयप्रमुखांकडून त्याबाबत त्रैमासिक तक्ते मागविले. आदेशाइतकेच त्याच्या तपासणीलाही त्यांनी महत्त्व दिले. स्वतंत्र भारतात केंद्रीय मंत्रालयांतील अनुसूचित जाती-जमातींच्या आरक्षणाची अंमलबजावणी पाहण्यासाठी संपर्क अधिकारी असतो. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याने प्रत्येक शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमणे बंधनकारक केले आहे. मोठ्या खाजगी कंपन्यांतूनही समावेशन अधिकारी नेमले जातात. परंतु तेथे त्यांचे अधिकार बव्हंशी व्यवस्थापनाच्या इच्छेवर अवलंबून राहतात.