चुकीचं ई-चलन आलंय? पैसे भरण्याआधी फोटो उघडा

समजा, गाडी दिवसभर कोंढव्यात बिल्डिंगखाली उभी होती आणि संध्याकाळी मोबाईलवर मेसेज आला: सदाशिव पेठेत विना हेल्मेट, दंड भरा. घरात पहिली चौकशी मुलाची होते, "तू गेला होतास का रे?" मग कटकट नको म्हणून कुणीतरी पैसे भरून मोकळं होतं. आमच्या मते चूक इथेच होते. चलन हा आरोप आहे, गुन्हा सिद्ध झालेला नाही. पण दंड भरला की प्रकरण मिटतं आणि तक्रारीला फारसा अर्थ उरत नाही.

मेसेजमधली लिंक दाबू नका. चलनाच्या नावाने व्हॉट्सॲपवर 'एपीके' फाइल पाठवून बँक खाती रिकामी करणारे पुष्कळ आहेत. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर स्वतः जा. गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की चलन दिसतं, सोबत फोटोही.

सगळं त्या फोटोत आहे. नंबर प्लेट मोठी करून वाचा. इंग्रजी तीनचा आठ सहज होतो. मग गाडीचा रंग आणि मॉडेल आरसीशी ताडून बघा. आरसीवर काळी मोटारसायकल आणि फोटोत पांढरी मोपेड असेल, तर वेगळा पुरावा शोधायला नको. नंबर तंतोतंत तुमचा पण गाडी दुसरीच असेल, तर मामला गंभीर आहे. कुणीतरी तुमचा नंबर लावून फिरतोय. लगेच पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. उद्या त्या गाडीने अपघात केला तर पोलीस तुमच्या दारात येतील.

कायदाही इथे मदतीला येतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली आलेल्या १६७-अ नियमानुसार कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत पाठवायची असते. त्यात नंबर प्लेटसह फोटो, तारीख, वेळ, ठिकाण आणि कोणतं कलम मोडलं हे हवं.

पेठेत लक्ष्मी रोडच्या खरेदीला गाडी लावणाऱ्यांनी पी-१, पी-२ ची पाटी लक्षात ठेवावी. पी-१ म्हणजे विषम तारीख, पी-२ म्हणजे सम. चलनावरची तारीख पाटीशी जुळत असेल तर त्या पाटीचा फोटो काढून ठेवा.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. डोक्यावर स्कार्फ होता म्हणून हेल्मेट नव्हतं, हे उत्तर चालणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये धर्माच्या आधारावर सूट आहे ती पगडी घातलेल्या शीख व्यक्तीला. तक्रार चुकीच्या चलनाची करायची, खऱ्याची नाही.

संकेतस्थळावरच तक्रारीची सोय आहे. चलन क्रमांक, आरसी, स्वतःच्या गाडीचे पुढून-मागून फोटो जोडा. गाडी गॅरेजमध्ये असेल तर पावती, सोसायटीत असेल तर सीसीटीव्ही. पण ते चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, म्हणून आधी ते मिळवा. भाषा साधी ठेवा, तीन-चार ओळी पुरेत. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा.

तक्रार फेटाळली तर न्यायालयात म्हणणं मांडता येतं. लोकअदालतीची नोटीस आली तर एवढं समजून जा की तिथे तडजोड होते, दंड कमी होऊ शकतो. चलन चुकीचं होतं असा निकाल तिथे मागता येत नाही. ज्याची गाडी त्या दिवशी पेठेत गेलीच नाही, त्याने अर्ध्या दंडावरही सही करू नये.