कर्नेल-चळतीतील बिघाड व त्याचे निदान

संगणकाच्या परिचालन प्रणालीचा जो मध्यवर्ती भाग प्रोसेसर, स्मृती व इतर यंत्रसामग्री यांवर थेट नियंत्रण ठेवतो, त्यास कर्नेल म्हणतात. एखादा साधा प्रोग्रॅम चुकल्यास कर्नेल तेवढाच प्रोग्रॅम बंद करतो. परंतु खुद्द कर्नेलमध्ये गंभीर दोष उद्‌भवल्यास संपूर्ण संगणक थांबतो आणि त्यावर अवलंबून असलेले बँकेचे वा रुग्णालयाचे कामकाज ठप्प होते. चळत (स्टॅक) बिघडल्यामुळे होणारा असा बंद शोधण्यास विशेष अवघड असतो. कारण ज्या नोंदींवरून मागोवा घ्यावयाचा, त्याच नष्ट झालेल्या असतात.

रचना : चळतीत शेवटी ठेवलेली नोंद प्रथम काढली जाते. एका फंक्शनने दुसऱ्यास पाचारण केले की परतीचा पत्ता व दुसऱ्याची तात्पुरती मूल्ये चळतीत साठविली जातात. लिनक्समध्ये प्रत्येक कार्यास कर्नेलमधील स्वतंत्र चळत असते. ती आकाराने लहान व ठराविक असते. ६४-बिटी एक्स८६ प्रोसेसरांसाठी ती पूर्वी ८ किलोबाइट होती. २०१४ मध्ये ३.१५ या आवृत्तीत ती १६ किलोबाइट करण्यात आली.

कारणे : बिघाडाची मुख्य कारणे तीन होत : (१) तात्पुरत्या कोष्टकात त्याच्या मर्यादेपलीकडे लिहिले जाऊन परतीचा पत्ता पुसला जाणे; (२) पाचारणांची साखळी फार लांबून चळत आपल्या सीमेबाहेर जाणे; (३) फंक्शन संपल्यानंतरही त्याच्या चळतीतील जागेत जुन्या पत्त्याच्या आधारे लिहिले जाणे. सदोष स्मृतिपट्टीमुळेही अशीच लक्षणे दिसू शकतात. म्हणून तिची चाचणीही घ्यावी लागते.

निदान : येथे दोष घडण्याचे स्थळ व संगणक थांबण्याचे स्थळ ही बहुधा भिन्न असतात. पुसलेला पत्ता फंक्शन परतेपर्यंत उपद्रव देत नाही. त्यामुळे शेवटी नोंदलेले फंक्शन निर्दोष असू शकते. प्रथम स्मृतीची प्रतिमा मिळविणे आवश्यक असते. लिनक्सच्या २.६.१३ या आवृत्तीत (२००५) समाविष्ट झालेल्या केडंप या सोयीत, राखून ठेवलेल्या स्मृतीत दुसरा कर्नेल सुरू होऊन तो बंद पडलेल्या कर्नेलची प्रतिमा साठवितो. पाचारणांची आपोआप तयार झालेली यादी अविश्वसनीय असल्यास चळतीतील शब्द एकेक करून तपासतात. जो आकडा कर्नेलच्या आज्ञावलीतील पत्ता दर्शवितो व ज्याच्या लगेच आधी पाचारणाची आज्ञा आढळते, तो परतीचा पत्ता असण्याचा संभव असतो. तथापि तो पूर्वीच्या पाचारणाचा शिळा अवशेषही असू शकतो. म्हणून शेजारच्या मूल्यांशी मेळ घालावा लागतो. पुसणाऱ्या मजकुराचे स्वरूपही मार्गदर्शक ठरते : तेथे अक्षरे आढळल्यास मजकूर हाताळणाऱ्या फंक्शनकडे, तर जालकाचा पत्ता आढळल्यास जालकाच्या चालकाकडे संशय वळतो.

प्रतिबंध : परतीच्या पत्त्याआधी एक गुप्त मूल्य ठेवून परतताना ते तपासण्याची पद्धत १९९८ मध्ये स्टॅकगार्डद्वारे पुढे आली. खाणीतील विषारी वायूची सूचना देणाऱ्या पक्ष्यावरून त्या मूल्यास कॅनरी म्हणतात. लिनक्सच्या ४.९ या आवृत्तीत (२०१६) चळतीच्या सीमेवर संरक्षक पृष्ठ ठेवण्याची सोय झाली. त्यामुळे सीमोल्लंघन होताच दोष उघड होतो. कॅनरी मात्र फंक्शन परतल्यावरच बोलते, आणि तिला वगळून दूरवर झालेले लेखन तिला कळत नाही. म्हणून या उपायांनी निदानाचे क्षेत्र आकुंचित होते. मूळ आज्ञावलीचे परीक्षण टळत नाही.