इंजिनाला तेल किती दाट हवे?

थंडीत काकवी बाटलीतून हलत नाही. गरम केली की धार लागते. इंजिनातल्या तेलाचेही तसेच. या दाटपणाला श्यानता म्हणतात. ती घनता नव्हे. तेल पाण्यावर तरंगते, तरी पाण्याहून सावकाश वाहते, हे वर्गात जरूर दाखवा.

डब्यावर '१०डब्ल्यू-४०' असे काही छापलेले असते. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याआधीचा आकडा थंड इंजिनातले वागणे सांगतो. ४० म्हणजे १०० अंश सेल्सिअसला श्यानता १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक. ३०च्या तेलाची ९.३ ते १२.५.

आता गाडीला मागाहून टर्बो बसवला, तर तेल जास्त तापून पातळ होते. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंगमधला तेलाचा थर तुटला, की धातूवर धातू घासतो. म्हणून अशा वेळी बरेचदा एक पायरी दाट तेल घेतात. मग सर्वांत दाटच का नको? बेअरिंगमधली फट जेमतेम केसाइतकी. गाडी सुरू करताना दाट तेल तिथे उशिरा पोचते, आणि ते ढवळण्यात शक्ती जाऊन उलट उष्णताच वाढते. इंजिन उघडून फटच वाढवली असेल, तर गोष्ट वेगळी. नुसती चाके नि दिवे बदलले असतील, तर पुस्तिकेत सांगितलेलेच तेल घालावे.