मेलेल्या बोर्डावरचा दिवा

यंदा संक्रांतीला पानिपतात, काला आंबच्या विटांच्या स्तंभापाशी उभा होतो, तेवढ्यात जुन्या कारखान्यातून फोन आला. मागांवरचे आमचे सगळे बोर्ड भंगारात गेले. आता सीलबंद डबे आलेत. बिघडले तर उघडायचे नाहीत, बदलायचे. तिथला पोरगा हे हौसेनं सांगत होता.

पानिपतात मी 1994ला आलो. पहिली आठ वर्षं फ्यूज बदलण्यात गेली, त्यांचं काय सांगायचं! पुढची दहा मात्र विसरत नाही. लाइट रोज जायची.

मोजणीचा बोर्ड बॅटरीवर, मागाजवळचा मेन्सवर, मध्ये सामायिक तारा. तिथे आम्ही 74एलव्हीसी244 ही चिप बसवायचो. खरेदीच्या साहेबांनी 74एचसी244 आणून दिले. पाय तेच, काम तेच, किंमत कमी. ‘‘शेवटचा आकडा जुळतोय ना?’’ टेबलावर सगळं झकास चाललं. मागावर मात्र लाइट गेली की अंधारात मेलेल्या बोर्डावरचा लाल दिवा मिणमिणत राही. मीटर लावला, तर 3.3च्या सप्लायवर शून्याऐवजी 2.6 व्होल्ट!

एचसीच्या आउटपुटपासून सप्लायकडे आतच एक डायोड असतो. शेजारच्या जिवंत बोर्डानं तार वर धरली, की वीज त्या वाटेनं आत शिरते. पानिपतच्या लढाईत भाऊसाहेबांची रसद तुटली तेव्हा मराठ्यांची छावणी उपाशी राहिली. ही चिप शेजाऱ्याच्या चुलीवर तगते. धड मरत नाही, धड जागी होत नाही. सप्लाय शून्यावर न गेल्यामुळे लाइट आल्यावर प्रोसेसरला रीसेटच मिळत नसे. माग ढिम्म. एलव्हीसीत सप्लाय गेला की ही वाट बंद राहते. डेटाशीटात त्याला ‘आय-ऑफ’ म्हणतात, गळती फार तर 10 मायक्रोअँपिअर. साहेबांनी ती ओळ वाचली नव्हती. खापर फुटलं माझ्या सोल्डरिंगवर. चार लोकांसमोर.

मग रात्रपाळीत एकेक एचसी मीच उपटून काढला. 30 जुलै 2012ला पहाटे अडीचच्या सुमारास उत्तरेची ग्रिड कोसळली, दुसऱ्या दिवशी दुपारी तर एकदम तीन. लाइट आली तेव्हा आमचे माग पहिल्या बटणाला सुरू झाले. कोणी काही बोललं नाही. साहेब चहा पीत होते.

फोन ठेवता ठेवता पोरगा म्हणाला, ‘‘अंकलजी, नवा डबा एकदम भारी. लाइट गेली तरी त्याचा एक दिवा बारीक जळतच राहतो.’’