वातकर्तन आणि चक्रीवादळे

वातकर्तन (विंड शिअर) म्हणजे उंचीनुसार वाऱ्याच्या वेगात किंवा दिशेत होणारा बदल. चक्रीवादळांच्या अभ्यासात साधारणतः दीड व बारा किलोमीटर उंचीवरील वाऱ्यांमधील फरक पाहतात. तो सेकंदाला १० मीटरहून बराच अधिक असल्यास वादळाची वाढ सहसा खुंटते.

समुद्रावरील बाष्पाचे ढगांत सांद्रीभवन होताना उष्णता मुक्त होते. ती केंद्राच्या थेट वर साचली, तर तेथील हवा हलकी होऊन पृष्ठभागावरील दाब उतरत जातो. तीव्र वातकर्तनात मात्र वादळाचा उभा स्तंभ कलतो, गडगडाटी ढग एका बाजूस ढकलले जातात आणि केंद्र उघडे पडते. शिवाय भोवतालची कोरडी हवा आत शिरते. तिच्यात पावसाचे थेंब बाष्पीभूत होऊन गार झालेली हवा खाली उतरते व वादळाला मिळणारा उष्ण, दमट हवेचा पुरवठा क्षीण करते.

जुलै-ऑगस्टमध्ये बंगालच्या उपसागराचे पाणी पुरेसे उबदार असूनही तेथे चक्रीवादळे विरळाच होतात, ती प्रामुख्याने यामुळेच: खाली नैर्ऋत्य मोसमी वारे वाहतात, तर सुमारे १५ किमी उंचीवर पूर्वेकडून येणारा वेगवान झोतवारा. ताशी ६२ किमी वाऱ्यांची चक्रीवादळाची मर्यादा न गाठता बहुतेक प्रणाली अवदाब म्हणूनच किनारा ओलांडतात. पाऊस त्यामुळे कमी होतोच असे नाही. हे अवदाब ओडिशा व छत्तीसगडमार्गे पश्चिम-वायव्येकडे सरकतात आणि त्यांचा सर्वाधिक पाऊस केंद्राच्या नैर्ऋत्येस पडतो. म्हणून केंद्र मध्य प्रदेशातून जात असतानाही नागपूरसह पूर्व विदर्भात अतिवृष्टी होऊ शकते.