अपघात रे रोडला, कागद मात्र गावात

कृषी खात्याच्या माणसाने मुंबईच्या कामगाराबद्दल का लिहावे, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. कोरडवाहू गावात सुगी आटोपली की घरटी एखादा तरी माणूस बाहेर पडतो. कोणी उसाला जातो, कोणी मुंबई गाठतो. मुंबईत तो गोदीत, लोखंडाच्या वखारीत, नाहीतर वर्कशॉपात राबतो. तिथे यंत्रात हात सापडला किंवा अंगावर पत्रा कोसळला, तर त्याची झळ गावाकडच्या शेतापर्यंत पोचते. बैलजोडी विकली जाते, जमीन गहाण पडते. म्हणून शेतकरी बंधूंनो आणि तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील मंडळींनो, हा विषय आपल्याच पानावरचा आहे.

दारूखान्याचा धडा

हार्बर लाईनवर कॉटन ग्रीन आणि डॉकयार्ड रोड यांच्या मध्ये रे रोड स्टेशन लागते. १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचे हे नाव. स्टेशनच्या पूर्वेला, समुद्राच्या बाजूला दारूखाना आहे. बंदुकीच्या दारूच्या कोठारावरून हे नाव पडले. पुढे ही जागा जहाजे तोडण्यासाठी आणि भंगार लोखंडासाठी ओळखली जाऊ लागली. आपल्या नौदलाची पहिली विमानवाहू युद्धनौका 'विक्रांत' २०१४ साली तोडण्यासाठी इथेच आणली होती.

जहाज तोडणे म्हणजे जिवावरचे काम. गॅस कटरने जाड पत्रे कापायचे, ते खाली पाडायचे, ओढायचे, ट्रकवर चढवायचे. टाकीत उरलेला गॅस पेटू शकतो, वरचा पत्रा निसटू शकतो. मजूर बहुतेक उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशा इकडचे. ते ठेकेदाराच्या हाताखाली असत आणि अनेकांची कुठेच नोंद नसे. अशा ठिकाणी अपघात झाला की पहिला प्रश्न येतो, "हा माणूस आमच्याकडे कामाला होता, याला पुरावा काय?" गोदी कामगारांच्या युनियनने या मजुरांना संघटित करायला घेतले, तेव्हा पिण्याच्या पाण्याबरोबर ओळखपत्राचा प्रश्न हाती घेतला, तो यासाठीच.

दुसरी बाजूही बघा. सातारा जिल्ह्यातले अण्णासाहेब पाटील यांनी माथाडी कामगारांची चळवळ उभी केली आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. लोखंड बाजारासाठी वेगळे मंडळ झाले. मंडळात नोंद झालेल्या हमालाचे नाव आणि मजुरी दप्तरात असते. ओझे दोघांच्याही पाठीवर तेच. फरक पडतो तो नोंदीचा.

कायदा काय सांगतो?

कामावरच्या अपघाताच्या भरपाईचा कायदा १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा 'सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०' ने घेतली आहे. मूळ तत्त्वे तीच आहेत. ती नीट ध्यानात घ्या :

१) कामामुळे आणि काम चालू असताना इजा झाली, तर भरपाई देणे मालकाला बंधनकारक आहे. "त्याचाच हलगर्जीपणा होता" एवढे म्हणून मालक सुटत नाही.

२) मालकाने आपल्या धंद्यातले काम ठेकेदाराला दिले असेल, तरी कामगाराला मूळ मालकाकडे भरपाई मागता येते. मालकाने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी.

३) रक्कम देय झाल्यावर महिन्याभरात दिली नाही, तर १२ टक्के व्याज लागते. सबळ कारण नसताना उशीर केला, तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो.

४) अपघाताची खबर मालकाला लवकरात लवकर लेखी द्यावी आणि दोन वर्षांच्या आत दावा दाखल करावा.

पगारातून ई.एस.आय. कापली जात असेल, तर लाभ त्या महामंडळाकडून मिळतो. तेव्हा आधी पगाराची पावती बघा.

वयाच्या दाखल्याची किंमत

भरपाईचा हिशोब मजुरी आणि वय यांवर होतो. ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने हिशोबासाठी मासिक मजुरीची मर्यादा १५,००० रुपये ठरवली. मृत्यू झाल्यास मजुरीच्या ५० टक्के आणि कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ६० टक्के धरून, त्याला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणतात.

समजा, दरमहा १५,००० मिळवणारा कामगार २०२४ साली कामावर दगावला. त्याचे वय ३० असेल तर आकडा २०७.९८ आणि भरपाई १५,५९,८५० रुपये. तोच माणूस कागदावर ४० वर्षांचा निघाला, तर आकडा १८४.१७ आणि भरपाई १३,८१,२७५ रुपये. म्हणजे दाखल्यावरच्या दहा वर्षांच्या चुकीने त्या घराचे १,७८,५७५ रुपये गेले! शाळेचा दाखला, जन्माची नोंद आणि आधार कार्ड यांवरची तारीख जुळते का, हे माणूस धडधाकट असतानाच तपासा.

हातापायाच्या इजेसाठी टक्केवारी ठरलेली आहे. अंगठा गेला तर ३० टक्के, एका हाताची चार बोटे गेली तर ५० टक्के. पण हेही अखेरचे नाही. कोपराच्या वर डावा हात कापावा लागलेल्या एका सुताराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली पूर्ण अपंगत्व मान्य केले. सुतारकाम एका हाताने होत नाही, हे उघड होते. म्हणून डॉक्टरला केवळ जखम दाखवू नका, माणूस कोणते काम करत होता तेही सांगा.

गावात येणारी तडजोड

सर्वात मोठा घात होतो तो तेराव्याच्या आत. मुकादम गावी येतो, पन्नास हजार पुढे ठेवतो आणि कागदावर बाईचा अंगठा मागतो. घरात रडारड, कर्जवाला दारात. चार माणसेही म्हणतात, "घे, मिळतंय ते." पण मृत्यूची भरपाई परस्पर वारसाच्या हातात द्यायची नसते, ती अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरत नाहीत. आगाऊ दिलेले पैसे ठरावीक मर्यादेतच वळते होतात. हक्क सोडल्याचा कागद कायद्यापुढे टिकत नाही. पोलीस पाटलांनी आणि सरपंचांनी अशा कागदावर साक्षीदार म्हणून सही करू नये. कोऱ्या कागदावर तर मुळीच नको.

"मुंबईच्या कोर्टात कोण हेलपाटे घालणार?" हा पुढचा प्रश्न. त्याची गरज नाही. कामगार किंवा त्याचे वारस जिथे राहतात, तिथेही दावा करता येतो. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे चौकशी करावी. वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. महिलांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो.

हे कागद जपा

– हजेरी कार्ड, गेटपास, ओळखपत्र, मजुरी जमा झालेले बँक पासबुक
– मालक आणि ठेकेदार या दोघांची नावे व पत्ते, बरोबरच्या दोन कामगारांचे फोन नंबर
– पोलिसांतली नोंद, पंचनामा, दवाखान्याची पहिल्या दिवसाची केसपेपर
– मृत्यूचा दाखला, शवविच्छेदन अहवाल. जखमीसाठी अपंगत्वाच्या टक्केवारीचा दाखला
– वयाचा पुरावा, रेशनकार्ड, वारसांचा दाखला

यातला शेवटचा गठ्ठा गावातच तयार होतो. तलाठी आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांना विनंती, की अशा घराचा अर्ज बाकीच्या अर्जांखाली दडपू देऊ नका.

आणि आपल्या बांधावर?

मालक फक्त रे रोडलाच असतो असे नाही. कायद्याच्या यादीत शेतातली कीटकनाशक फवारणी, यंत्राने कापणी-मळणी आणि ट्रॅक्टर, पॉवर टिलर चालवण्याचे कामही आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. तुमच्या मळणी यंत्रात गड्याचा हात गेला, तर ठेकेदाराला विचारलेले सगळे प्रश्न तुम्हालाही विचारले जातील. म्हणून फवारणीला हातमोजे, मास्क द्या, पट्ट्यावर जाळी बसवा, ट्रॅक्टरच्या विम्यात मजुराची जोखीम धरली आहे का ते बघा आणि रोजंदारीची वही ठेवा.

यंदा मुंबईला निघालेल्या पोराच्या पिशवीत भाकरी-चटणीबरोबर वयाच्या दाखल्याची प्रत टाका. आणि पहिल्या आठवड्यातच त्याला फोन करून विचारा, "बाळा, तुझं नाव मस्टरवर कुणाच्या हाताखाली लागलंय?"